आपला तो बाब्या आणि पडलेली चिमणी

विमानांच्या वाटेत येते म्हणून १५ जून २०२३ रोजी सोलापूरच्या सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी पाडली, तो व्हिडिओ ज्याच्या मोबाईलवर आला नाही असा सोलापूरकर सापडणं कठीण. काही सेकंदांचा खेळ. एवढी उंच चिमणी कलते, आडवी होते आणि धुळीचा लोट उठतो. माझ्याकडे तो दोन व्हॉट्सॲप गटांतून आला. एकात खाली लिहिलं होतं, ‘आता विमान येणार!’ दुसऱ्यात, ‘शेतकऱ्याच्या पोटावर पाय.’ होटगी रोडच्या विमानतळाकडे वर्षानुवर्षं डोळे लावून बसलेल्या माणसानं त्या धुळीत धावपट्टी पाहिली. ऊस घालणाऱ्या सभासदानं आपला हंगाम बुडताना पाहिला. पुढे २०२५ च्या जूनमध्ये गोव्याचं विमान सुरू झालं, पण वाद काही खाली उतरला नाही.

चिमणी पाडायला हवी होती की नको, या भानगडीत मी इथे पडणार नाही. मला सोलापुरात राहायचंय. दृश्य एकच असताना दोघांना दोन गोष्टी कशा दिसतात, हा प्रश्न मात्र विज्ञानाचा आहे आणि त्यावर सत्तर वर्षांपासून काम झालेलं आहे.

सुरुवात फुटबॉलनं झाली. नोव्हेंबर १९५१ मध्ये अमेरिकेत प्रिन्स्टन आणि डार्टमथ या दोन विद्यापीठांचा सामना झाला. सामना कसला, हाणामारीच. प्रिन्स्टनच्या मुख्य खेळाडूचं नाक फुटलं, डार्टमथच्या एकाचा पाय मोडला. मग दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांच्या अंकांमधून आठवडाभर चिखलफेक. अल्बर्ट हॅस्टॉर्फ आणि हॅडली कँट्रिल या मानसशास्त्रज्ञांनी सामन्याची फिल्म दोन्हीकडच्या विद्यार्थ्यांना दाखवली आणि सांगितलं, नियम कुठे मोडला ते मोजा. डार्टमथच्या मुलांना दोन्ही संघांच्या चुका जवळपास सारख्या दिसल्या, सरासरी चारच्या आसपास. प्रिन्स्टनच्या मुलांना डार्टमथच्या चुका दिसल्या जवळजवळ दहा आणि स्वतःच्या संघाच्या चार. फिल्म तीच होती, पडदाही तसाच. १९५४ मध्ये हा अभ्यास छापून आला, तेव्हा आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं तो वाचून एवढंच म्हटलं असतं, ‘आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं.’

आजीच्या पुढे जाऊन हेन्री ताजफेल यांनी विचारलं, की बाब्या ‘आपला’ व्हायला कमीत कमी काय लागतं? रक्ताचं नातं? जात? गाव? १९७० च्या सुमारास ब्रिस्टलमध्ये त्यांनी शाळकरी पोरांना दोन आधुनिक चित्रकारांची चित्रं दाखवली आणि आवडीनुसार तुमचे दोन गट केलेत असं सांगितलं. प्रत्यक्षात चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले होते. आपल्या गटात कोण आहे हेही पोरांना ठाऊक नव्हतं. मग पैसे वाटायला दिले, तर पोरांनी आपल्या गटाला झुकतं माप दिलं. ताजफेलनाही अनपेक्षित असलेली गोष्ट वेगळीच होती. आपल्या गटाला जास्तीत जास्त पैसे मिळण्यापेक्षा समोरच्या गटाला आपल्याहून कमी मिळावेत, याकडे पोरांचा ओढा होता. त्यापायी आपले चार पैसे कमी झाले तरी चालतील! निवडणुकीच्या काळात ‘आमचं काय व्हायचं ते होऊ दे, पण ते नकोत’ हे वाक्य ज्यानं ऐकलंय त्याला याहून जास्त सांगायला नको.

इथे शिकलेला वाचक म्हणतो, बरोबर आहे, पण हे अडाण्यांचं झालं. आकडे समोर ठेवले की समजूतदार माणूस मानतो. ही समजूत येल विद्यापीठाच्या डॅन कहान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये तपासली. तो प्रयोग आपणच करून पाहू. कागद-पेन घ्यायला हरकत नाही.

पुरळावर नवं मलम निघालंय. ज्यांनी ते लावलं त्यांच्यातल्या २२३ जणांचं पुरळ कमी झालं, ७५ जणांचं वाढलं. ज्यांनी लावलं नाही त्यांच्यातल्या १०७ जणांचं कमी झालं, २१ जणांचं वाढलं. मलम गुणाचं की नाही?

बहुतेकांची नजर २२३ वर अडकते. सगळ्यात मोठा आकडा, शिवाय मलमाच्या बाजूचा, म्हणजे मलम चांगलं. आता जरा भागाकार करा. मलम लावणारे एकूण २९८, त्यांतले २२३ बरे, म्हणजे शंभरात सुमारे ७५. न लावणारे १२८, त्यांतले १०७ बरे, म्हणजे शंभरात जवळपास ८४. न लावलेलेच जास्त प्रमाणात बरे झाले! मलमाचे पैसे वाया. प्रयोगात निम्म्याहून जास्त लोक इथे चुकले आणि गणितात तरबेज असलेले कमी चुकले, यात नवल काहीच नाही.

मग कहान यांनी आकडे तेच ठेवले आणि वरचं नाव बदललं. मलमाच्या जागी शहरं आली. काही शहरांनी लोकांना पिस्तूल लपवून बाळगायला बंदी केली, काहींनी केली नाही. गुन्हे कुठे कमी झाले? अमेरिकेत हा विषय म्हणजे आपल्याकडे पंगतीत काढू नये असा विषय. गणित इयत्ता सातवीचंच, पण आता तरबेज माणसंही पक्षानुसार चुकायला लागली. पहिल्या नजरेत दिसलेलं उत्तर आपल्या बाजूचं असलं, की माणूस तिथेच थांबतो, पुढे हिशेब कशाला? आणि पहिल्या नजरेत दिसलेलं उत्तर बोचलं, की मग बाह्या सरसावून भागाकार करतो आणि बरोबर उत्तर काढतो. अक्कल दोघांनाही आहे. ती कधी कामाला लावायची हे पक्ष ठरवतो. नंतर हा प्रयोग इतरांनी करून पाहिला. आकडे आपल्या बाजूनं वाचायची खोड पुन्हा दिसली. तरबेजांना ती जास्त असते हा निष्कर्ष मात्र तितका पक्का निघाला नाही. हुशारीनं ती बरी होते, असंही कुणी दाखवलेलं नाही. आमच्या गटातले निवृत्त बँक अधिकारी सोसायटीच्या ताळेबंदातली साडेतीन रुपयांची तफावत पकडतात आणि आपल्या पक्षाच्या नावानं आलेला ‘गेल्या सत्तर वर्षांत झालं नाही ते…’ हा मजकूर आकडा न वाचता पुढे ढकलतात. त्यांचा राग येण्याऐवजी मला हल्ली कुतूहल वाटतं.

बरं, ज्या मतासाठी एवढी भांडणं, ते मत तरी किती आपलं असतं? स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या लार्स हॉल, पेटर योहान्सन आणि त्यांच्या चमूनं २०१० च्या निवडणुकीच्या तोंडावर रस्त्यावर लोकांना गाठून बारा राजकीय मुद्द्यांवर मतं भरून घेतली. लोकांनी फॉर्म भरून दिल्यावर संशोधकानं जादूगारासारखी हातचलाखी करून त्यावर उलटी उत्तरं असलेला कागद चिकटवला. मग तो फॉर्म समोर धरून विचारलं, ‘तुम्ही इथे असं म्हटलंय, का बरं?’ बदललेल्या उत्तरांपैकी जेमतेम २२ टक्के लोकांच्या लक्षात आली. बाकी ठिकाणी मंडळींनी थोड्या वेळापूर्वी स्वतःच खोडलेल्या मताचं शांतपणे समर्थन केलं, कारणं दिली, उदाहरणं दिली. बेरीज करून ‘तुमचा कल अमुक आघाडीकडे आहे’ असं सांगितलं, तर ९२ टक्क्यांनी ते मान्य केलं. पक्ष बदलणाऱ्या नेत्यांना आपण इतकी वर्षं उगाच नावं ठेवली. त्यांना निदान माहीत असतं की आपण बदललो.

हे सगळं कट्ट्यावरही होत होतंच. पार्क चौकात, सात रस्त्याला, चहाच्या गाड्यावर सोलापूरनं राजकारणावर काही कमी तोंड वाजवलेलं नाही. तेही मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू अशा चार भाषांतून, आणि कधी एकाच वाक्यात दोन. तरी दुसऱ्या दिवशी तीच माणसं त्याच बाकावर. मोबाईलवर नेमकं काय हरवतं?

आवाज हरवतो. ‘लई शाणा झालायस की बे’ हे वाक्य खांद्यावर हात टाकून म्हटलं तर पुढचा चहा फुकट असतो. तेच टाइप करून पाठवलं की समोरचा गट सोडून जातो. जस्टिन क्रूगर आणि निकोलस एप्ली यांनी २००५ मध्ये याचा हिशेब मांडला. काही वाक्यं सरळ, काही उपरोधिक. ती ईमेलनं किंवा आवाजातून दुसऱ्याला पोचवायची. पाठवणाऱ्यांना वाटत होतं, शंभरातली ७८ तरी समोरच्याला बरोबर कळतील. आवाज ऐकणाऱ्यांनी सुमारे पाऊण वाक्यं बरोबर ओळखली. वाचणाऱ्यांनी? ५६ टक्के. नाणं उडवून उत्तर दिलं असतं तरी पन्नास मिळाले असते. लिहिणाऱ्याच्या डोक्यात स्वतःचा सूर वाजत असतो, तो अक्षरांत उतरलेला नाही हे त्याला कळतच नाही. हसणाऱ्या पिवळ्या तोंडांचा शोध लागून एवढी वर्षं झाली, पण आमच्याकडे तीसुद्धा खिजवायलाच वापरतात.

राजकीय विनोदाचं तर आणखी अवघड. अमेरिकेत स्टीफन कोलबेर हा विनोदकार दूरचित्रवाणीवर कट्टर उजव्या निवेदकाचं सोंग घेऊन त्याच विचारांची खिल्ली उडवायचा. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात डाव्या आणि उजव्या दोन्ही प्रेक्षकांना तो सारखाच मजेशीर वाटला. फक्त उजव्यांपैकी अनेकांना वाटत होतं, की विनोद हे याचं नाटक आहे, बोलतोय ते मनापासून. म्हणजे हशा दोन्हीकडून एकदम येतो आणि कुणाला हसतोय यावर एकमत नसतं. आपल्याकडचं व्यंगचित्र कौतुकानं पुढे पाठवणाऱ्यात कधी कधी ज्याच्यावर ते काढलंय त्याचाच कार्यकर्ता असतो, ते यामुळे.

आवाजाची ताकद केवळ सूर कळण्यापुरती नाही. ज्युलियाना श्रोडर आणि एप्ली यांच्या २०१७ च्या प्रयोगांत युद्ध, गर्भपात आणि चक्क संगीत अशा विषयांवर लोकांना विरोधी मत कधी ऐकवलं, कधी वाचायला दिलं. मत तेच. पण वाचणाऱ्यांना ते मांडणारा माणूस जास्त निर्बुद्ध, जास्त कोरडा वाटला. ऐकणाऱ्यांना तो चुकीचा वाटला तरी माणूस वाटला.

त्यात बक्षीस कशाला मिळतं तेही पाहा. फेसबुक आणि ट्विटरवरच्या सत्तावीस लाख अमेरिकी पोस्टचा अभ्यास २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. विरोधी पक्षाचा किंवा नेत्याचा उल्लेख करणारा एकेक शब्द वाढला, की पोस्ट पुढे पाठवली जाण्याची शक्यता सुमारे ६७ टक्क्यांनी वाढत होती. स्वतःच्या पक्षाची आरती ओवाळून एवढी मजल मारता येत नव्हती. ज्याला लाइक हवेत तो मग काय लिहील?

यावर ‘मोबाईलनं माणसं बिघडवली’ असं म्हणायचा मोह होतो. डेन्मार्कच्या आर्हुस विद्यापीठाचे अलेक्झांडर बोर आणि मिकाएल बँग पीटरसन यांनी २०२२ मध्ये त्यावर पाणी ओतलं. त्यांना आढळलं, की राजकारणावरून मोबाईलवर शिव्या देणारे लोक समोरासमोरही तसेच वागतात. पूर्वी असा गृहस्थ एका गल्लीला छळायचा आणि गल्ली त्याला ओळखून होती. आता तो एकाच वेळी दहा गटांत असतो आणि सगळ्यांना दिसतो, त्यामुळे सगळं गावच पेटलंय असं वाटतं. गप्प बसलेले दीडशे जण कुणी मोजत नाही.

उपाय म्हणून एक प्रयोग बराच गाजला. फिलिप फर्नबाख आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये लोकांना त्यांच्या ठाम मतांची कारणं विचारण्याऐवजी विचारलं, ‘हे धोरण प्रत्यक्षात चालतं कसं, पायरीपायरीनं सांगा.’ कारणं सगळ्यांकडे असतात. पायऱ्या सांगताना मात्र लोक अडखळले, आपल्याला वाटलं होतं तेवढं कळत नाही हे त्यांनी कबूल केलं आणि मतंही थोडी मवाळ झाली. नंतरच्या अभ्यासांत यातला पहिला भाग टिकला, मवाळ होण्याचा भाग दरवेळी टिकला नाही.

सोलापुरात या प्रयोगाला विषय शोधायला नको. नळाला रोज पाणी का येत नाही, यावर प्रत्येकाकडे एक गुन्हेगार तयार असतो, फक्त नाव पक्षाप्रमाणे बदलतं. पायऱ्या विचारा. भीमेवरच्या उजनी धरणातून थेट पाइपलाइननं पाणी पाकणीला येतं. उजनीतूनच नदीत सोडलेलं पाणी कैक मैल वाहत औज बंधाऱ्यात अडतं, टाकळीहून उपसून सोरेगावला शुद्ध होतं. थोडं हिप्परग्याच्या तलावातून भवानी पेठेत. पुढे टाक्या, पंप, वीज, गळती, कुठल्या पेठेचा व्हॉल्व कधी फिरवायचा याचं वेळापत्रक. नदीत सोडलेलं पाणी वाटेत किती मुरतं, किती उपसलं जातं? उजनीहून येणाऱ्या दुसऱ्या, समांतर जलवाहिनीनं यातली नेमकी कुठली अडचण सुटते आणि कुठली तशीच राहते? एवढं सांगता आलं की मग खुशाल शिव्या द्याव्यात, योग्य माणसाला तरी लागतील.

मी हे सगळे प्रश्न एकदा आमच्या गटात टाकले होते. कुणाचं नाव न घेता, अगदी सभ्य भाषेत. पहिलं उत्तर लगेच आलं: ‘ते सगळं ऱ्हाऊ दे. तू कुणाच्या बाजूनं विचारायलायस, ते सांग की आधी.’