व्होल्ट हरवतात कुठे?

पावसाळा लागला की गॅरेजमध्ये हमखास ऐकू येतं, "बॅटरी गेली, नवीन टाका." गेल्या जुलैत आमच्या गाडीचंही हेच निदान झालं. किल्ली फिरवली की नुसतं टक-टक. नवीन बॅटरी बसवली, तीन आठवडे बरे गेले आणि एका सकाळी पुन्हा तेच. कुणी डायनॅमो (चालू इंजिनवर वीज तयार करून बॅटरी भरणारं यंत्र) बदलायला सांगितलं, कुणी बंपरला लिंबू-मिरची बांधायला. टांगलेल्या लिंबाचा गाडीतल्या विजेशी काडीचा संबंध नाही. डायनॅमोचा मात्र असू शकतो, आणि तो मोजून कळतो.

साधा मल्टिमीटर पुरतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची बॅटरी 12.6 व्होल्ट दाखवत असेल तर ती भरलेली, 12.2 ला निम्मी आणि 12 च्या खाली गेली तर उतरलीच. आमची 12.3 वर होती. धक्का मारून गाडी सुरू केली, दिवे आणि ब्लोअर चालू ठेवले. डायनॅमोपाशी 14.2 व्होल्ट मिळाले, म्हणजे तो ठणठणीत होता. बॅटरीपाशी मात्र 13.8 च. (काही नव्या गाड्यांत संगणक चार्जिंगचा व्होल्टेज मुद्दाम कमी-जास्त करतो, त्यामुळे एकाच आकड्यावर निकाल देऊ नका.) मधले 0.4 व्होल्ट गेले कुठे?

मला या सगळ्यात सर्वांत आवडणारी गोष्ट इथे सुरू होते. दहावीतला ओहमचा नियम आठवा: विभवांतर म्हणजे विद्युतधारा गुणिले रोध. धारा शून्य असेल तर रोध कितीही असो, गुणाकार शून्यच. म्हणून गंजलेली वायर गाडी बंद असताना अगदी निरोगी दिसते. क्षाराने बुजत आलेल्या पाइपचा नळ बंद ठेवला तर दाब पूर्ण असतो, नळ सोडला की करंगळीएवढी धार. वायरचंही तसंच आहे, तिच्यातून भरपूर धारा वाहू लागली की दोष उघडा पडतो.

गाडीत सर्वांत मोठी धारा सेल्फ (इंजिन फिरवून सुरू करणारी मोटर) ओढतो, छोट्या गाडीतही दीडशे अँपिअरच्या आसपास. वाटेत कुठे 0.012 ओहम एवढा क्षुल्लक रोध असला तरी 150 गुणिले 0.012, म्हणजे 1.8 व्होल्ट तिथेच खर्च होतात. सेल्फ मारताना बॅटरीचाच व्होल्टेज 10.5 पर्यंत उतरतो, त्यातून हे वजा गेले तर सेल्फला जेमतेम 8.7 उरतात. हा रोध ओहमच्या रेंजवर शोधायला जाऊ नका. मल्टिमीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोधच याच्या कितीतरी पट असतो. त्याऐवजी व्होल्टच मोजायचे, पण वायरच्या दोन टोकांमधले, आणि धारा वाहत असताना.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, वायरी पंख्या-पट्ट्यापासून लांब. मल्टिमीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह पोलवर, दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर, कारण सेल्फची धारा इंजिन आणि बॉडीच्या धातूतूनच बॅटरीकडे परतते. मुलाने दोन सेकंद सेल्फ मारला: 1.9 व्होल्ट! इथे 0.2-0.3 पेक्षा जास्त दिसता कामा नये. मग वाट तोडून मोजली. पोल ते बॉडी 0.1, बॉडी ते इंजिन 1.8. चोर दुसऱ्या तुकड्यात होता, म्हणजे इंजिनला बॉडीशी जोडणाऱ्या विणलेल्या तांब्याच्या अर्थिंग पट्टीत. बोल्ट सोडवला तर पट्टीच्या टोकाच्या कडीखाली हिरवी भुकटी आणि तिच्या आत काळा, खरखरीत थर. सेल्फ मारताना त्या नखाएवढ्या जागेत 270 वॉट उष्णता होत होती.

डायनॅमोची धारा याच पट्टीतून परतते. दिवे, वायपर, ब्लोअर मिळून 30 अँपिअर धरले तरी जवळजवळ 0.4 व्होल्ट इथेच जातात. म्हणूनच नवी बॅटरी रोज थोडी उपाशी राहत होती. अर्धवट भरलेल्या बॅटरीच्या प्लेटांवर लेड सल्फेटचे स्फटिक घट्ट होत जातात आणि बॅटरी अकाली मरते.

दोन गोष्टी मात्र मनापासून सांगायच्या आहेत. डायनॅमो तपासायला चालू इंजिनवर बॅटरीचं टर्मिनल काढू नका. बॅटरी व्होल्टेजचे झटके शोषून घेते. तो आधार अचानक काढला तर क्षणभर व्होल्टेज कित्येक पटींनी उसळू शकतो आणि गाडीचा संगणक जळू शकतो. आणि लायटरच्या सॉकेटमध्ये खोचून 'मायलेज वाढवणाऱ्या' डब्यांवर पैसे घालवू नका. गंजलेल्या जोडाचा रोध त्यांच्याने तसूभरही कमी होत नाही.

पॉलिश पेपरने दोन्ही पृष्ठभाग चकचकीत केले, बोल्ट आवळला, वरून व्हॅसलीन लावलं. पुन्हा मोजलं: 0.15 व्होल्ट. पहिल्याच फिरवणीला इंजिन लागलं. गॅरेजमधल्या काकांना हे दाखवलं, तेव्हा शेजारी एक टेम्पो तसाच टक-टक करत उभा होता. काकांनी मल्टिमीटर मागून घेतला आणि पहिलं टोक टर्मिनलच्या क्लॅम्पवर न ठेवता थेट शिशाच्या पोलवर टेकवलं. "क्लॅम्पच्या आतपण गंज असतो ना," म्हणाले.