वापरातले आडनाव आणि दप्तरातले आडनाव

गोव्यात वडिलोपार्जित मालमत्तेची इन्व्हेंटरी, म्हणजे वारसांतल्या वाटणीची कारवाई, निघाली की कितीतरी घरांत वाद हिश्शाआधी नावावर अडतो. आजोबांच्या जन्मनोंदीत ‘सिनाय’ (शेणवीचे पोर्तुगीज रूप), शाळेच्या दाखल्यावर गावावरून लावलेले ‘कर’वाले आडनाव, आधार कार्डावर त्याचेच तिसरे स्पेलिंग. आडनाव बदलायचा अर्ज मात्र घरात कोणी कधी केलेला नसतो.

याचे मूळ पोर्तुगीज दप्तरात आहे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता 1870 पासून इथे लागू झाली आणि 1910 मध्ये पोर्तुगालात प्रजासत्ताक आल्यावर काही वर्षांतच जन्म, विवाह, मृत्यूच्या नागरी नोंदीही सुरू झाल्या. कारकून कानावर पडलेले नाव आपल्या वळणाने उतरवून घेई. शेटचा ‘श’ तो एक्स अक्षराने लिही, कामताचे ‘कामोतीं’ होई, प्रभूचे ‘पोरोब’. घरात आणि देवळात मात्र जुनेच नाव चाले.

1961 मध्ये गोवा मुक्त झाला. गावोगाव मराठी शाळा निघाल्या आणि मास्तरांनी पालक सांगतील ते आडनाव हजेरीपटावर चढवले. कुणी शेणवी गाळून गावाचे नाव लावले, कुणी जातीची किंवा कामाची ओळख चिकटलेले नाव मुद्दाम सोडले. हे दुसरे तर स्वाभिमानाचे पाऊल होते, आणि त्या घरांकडे आज संशयाने बघणे मला अन्यायाचे वाटते.

नाव हा अभिव्यक्तीच्या स्वातंत्र्याचा भाग आहे, हे सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये जिग्या यादव प्रकरणात मान्य केले. लग्नानंतर नवऱ्याचे आडनाव लावायची सक्तीही बाईवर नाही. पण जन्मनोंदीतले नाव बदलायचे तर गोव्यात 1990 चा नाव व आडनाव बदल कायदा आहे. त्याखाली अर्ज करावा लागतो. अमुक राहणार तमुक यांना आपले आडनाव यावरून त्यावर बदलायचे आहे, कुणाची हरकत असल्यास तीस दिवसांत नोंदवावी, अशा नोटिसा सरकारी राजपत्रात नेहमी दिसतात.

खरी पंचाईत मेलेल्या माणसाची. आजोबांच्या वतीने आता आडनाव बदलून घेता येत नाही. नोटरीसमोर केलेले ‘दोन्ही नावांची व्यक्ती एकच’ हे प्रतिज्ञापत्र पुरावा म्हणून उपयोगी पडते, पण मूळ नोंद त्याने तसूभरही हलत नाही. कोमुनिदादीच्या, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेच्या, गावकाराचा झोण (उत्पन्नातला वाटा) असो, नाहीतर 1961 पूर्वी जन्मलेल्या आजोबांची नोंद पोर्तुगीज नागरिकत्वासाठी लिस्बनला उतरवून घ्यायची असो, पिढ्यांची साखळी कागदावर जुळावी लागते.

तरी एक गोष्ट ठणकावून सांगायला हवी. आडनाव जुळत नाही म्हणून वारसा बुडत नाही. गोव्याच्या वारसा कायद्यात मुलांचा हिस्सा नात्यातून येतो, आईबापांनाही मृत्युपत्राने निम्म्याहून अधिक मालमत्ता बाहेर देता येत नाही. तेव्हा सिद्ध करायचे ते नाते. त्यासाठी आधी आजोबांची विवाहनोंद काढावी. तिच्यात वधूवरांच्या आईवडिलांची नावे असतात, आणि ती जन्मनोंदीशी जुळली तर आडनाव वेगळे असूनही माणूस ओळखता येतो. त्यानंतर जुनी खरेदीखते आणि शाळेचे रजिस्टर. आज हयात असलेल्यांनी मात्र आपला अर्ज मुलांवर ढकलू नये.