वाईनचे अद्ययावतीकरण

लिनक्सवर विंडोजचे प्रोग्राम चालवणाऱ्या ‘वाईन’ या मुक्त सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती बसवणे आणि आधी बसवलेले प्रोग्राम तिच्याशी जुळवून घेणे, या क्रियेला वाईनचे अद्ययावतीकरण म्हणतात.

वाईन हा एम्युलेटर, म्हणजे दुसऱ्या संगणकाची नक्कल करणारा प्रोग्राम, नाही. प्रोग्राम विंडोजकडे ज्या सेवा मागतो, त्या वाईनने स्वतः नव्याने लिहिल्या आहेत. हे काम १९९३ मध्ये सुरू झाले आणि १.० ही आवृत्ती यायला २००८ साल उजाडले. २०१७ पासून साधारणपणे दर जानेवारीत स्थिर आवृत्ती येते, तर विकासाधीन आवृत्त्या सुमारे दोन आठवड्यांनी येत राहतात. एखादी सेवा अपुरी असल्यामुळे बंद पडणारा प्रोग्राम पुढच्या आवृत्तीत सुरळीत चालू लागतो. मात्र नीट चालणारा प्रोग्राम नव्या आवृत्तीत बिघडल्याचेही अनुभवास येते.

पॅकेज, म्हणजे वाईन बसवण्यासाठीचा फाइलींचा संच, बदलणे हा या कामाचा सोपा भाग होय. खरी काळजी घ्यावी लागते ती ‘प्रिफिक्स’ची, म्हणजे वापरकर्त्याच्या होम डिरेक्टरीतल्या त्या लपलेल्या फोल्डरची, ज्यात आभासी सी ड्राइव्ह, बसवलेले प्रोग्राम आणि साध्या मजकुराच्या फाइलींत ठेवलेली रजिस्ट्री (सेटिंग्जची नोंदवही) असते. नवी वाईन पहिल्यांदा चालवली, की ती हा प्रिफिक्स आपल्या आवृत्तीप्रमाणे बदलून घेते. त्या वेळी पडद्यावर येणारी छोटी खिडकी आपोआप बंद होईपर्यंत थांबावे. बदललेला प्रिफिक्स जुन्या आवृत्तीत पुन्हा चालेलच याची खात्री नसते, म्हणून त्याची प्रत आधीच काढून ठेवणे अत्यावश्यक आहे. प्रिफिक्समधला झेड ड्राइव्ह ही प्रत्यक्षात संगणकाच्या मूळ डिरेक्टरीकडे नेणारी लिंक असते. त्यामुळे प्रत काढताना लिंक ही लिंक म्हणूनच उतरवावी, नाहीतर सगळी डिस्कच कॉपी होऊ लागते.

अद्ययावतीकरणापूर्वी चालू असलेले विंडोज प्रोग्राम बंद करावेत. जुना वाईनसर्व्हर, म्हणजे या प्रोग्रामांसाठी पडद्यामागे चालणारा वाईनचा भाग, मागे चालू राहिला, तर नवी वाईन, आवृत्ती जुळत नसल्याची तक्रार करून थांबते आणि नवखा वापरकर्ता पॅकेजच खराब निघाले असे समजून ते पुन्हा पुन्हा बसवत राहतो. अशा वेळी तो सर्व्हर बंद केला, की बहुतेकदा काम भागते. महत्त्वाच्या प्रत्येक प्रोग्रामला स्वतंत्र प्रिफिक्स दिल्यास एकातली दुरुस्ती दुसऱ्याला बाधत नाही.