डिप्लॉयची चावी परत घ्यायची भानगड आली कुठून

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला आमचा एक क्लायंट आहे, टॉवेल एक्सपोर्टवाला. त्यांच्याकडं कोड बघणारा पोरगा नोकरी सोडून हुतात्मा एक्सप्रेसनं पुण्याला गेला, त्याच दिवशी त्याचं ईमेल बंद केलं, सत्कार-बित्कार पण झाला, आणि जेनकिन्समधे (कोडची कामं आपोआप करणारं सॉफ्टवेअर) त्याच्या नावानं ठेवलेली एसएसएच की, म्हणजे सर्व्हरमधे शिरायची डिजिटल चावी, पुढं दीड वर्ष रोज रात्री निवांत डिप्लॉय करत राहिली, म्हणजे नवीन फाईली सर्व्हरवर चढवत राहिली. मागच्या महिन्यात ती दिसली, आम्ही शहाणपणा करून लगेच उडवली, रात्रीचं डिप्लॉय अडकलं, तर सकाळी मालकांचा फोन, "रेट जुनेच दिसायलेत की ओ". मग ऑफिसात वाद, असली चावी काढायचीच कशाला. म्हणून हे लिहितोय.

आधी काय होतं, सर्व्हरवर फाईल टाकायची तर माणूसच टाकायचा. माणूस गेला, पासवर्ड बदलला, विषय संपला. 2001 च्या सुमारास क्रूझकंट्रोल नावाचं सॉफ्टवेअर आलं पण ते बिचारं फक्त बिल्ड करायचं (कोड जुळवून चालण्याजोगा करायचं), टेस्ट चालवायचं आणि फुटलं की ओरडायचं. सन कंपनीत कोहसुके कावागुचीनं त्याच जातीचं हडसन काढलं, मग सन ओरॅकलकडं गेली, नावावरनं भांडण झालं आणि 2011 ला त्याचं जेनकिन्स झालं. प्लगिन वाढत गेले, बिल्ड करणाऱ्या मशीनलाच डिप्लॉय पण करायला लावलं, आणि त्यासाठी चावी तिच्याच खिशात ठेवली. घोळ इथंच झाला. कामावरनं जाणाऱ्या माणसाची यादी एचआरकडं असते, मशीनच्या खिशात काय काय आहे त्याची यादी कुणाकडंच नसते.

2011 लाच ट्रॅव्हिस सीआय आणि सर्कलसीआय आले, हीच कामं इंटरनेटवरनं करून देणाऱ्या सेवा, म्हणजे आता चावी आपल्याही मशीनवर नाही, लोकांच्या मशीनवर. सोय लई झाली हे खरंय. पण 2021 ला 31 जानेवारी ते 1 एप्रिल कोडकोव्हची (टेस्टनी किती कोड तपासला ते मोजणारी सेवा) अपलोड स्क्रिप्ट कुणीतरी बदलून ठेवली होती आणि ती लोकांच्या पाईपलाईनमधले (बिल्ड, टेस्ट, डिप्लॉयची आपोआप चालणारी साखळी) एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल, ज्यात चाव्या-पासवर्ड ठेवलेले असतात, ते गुपचूप बाहेर पाठवत होती. एप्रिल 2022 ला हेरोकू (साईट चालवून देणारी सेवा) आणि ट्रॅव्हिसला दिलेले ओऑथ टोकन, म्हणजे पासवर्ड न देता आत शिरायचे परवाने, कुणीतरी चोरून गिटहबवरच्या (कोड ठेवायची साईट) प्रायव्हेट रेपो, म्हणजे कोडचे खाजगी साठे, उतरवून घेतल्या. आणि 4 जानेवारी 2023 ला सर्कलसीआयनं सगळ्याच ग्राहकांना सांगितलं, आमच्याकडं ठेवलेलं प्रत्येक सीक्रेट (चावी, पासवर्ड, टोकन) बदला. कारण काय तर एका इंजिनिअरच्या लॅपटॉपवर मालवेअर, त्यानं लॉगिन झालेलं सेशनच उचललं, टू-फॅक्टर असून उपयोग नाही.

तेव्हा लोकांना दोन गोष्टी नीट कळल्या. एक, पाईपलाईनच्या सेटिंगमधनं की डिलीट करणं म्हणजे अ‍ॅक्सेस काढणं नव्हे, जिथं कुलूप आहे तिथनं, म्हणजे सर्व्हरच्या ऑथोराइझ्ड कीजमधनं (कुठल्या चाव्या चालतील त्याची फाईल) नाहीतर क्लाउडच्या आयएएममधनं (कुणाला काय परवानगी ते ठरवायची जागा) काढावी लागते, नाहीतर चोराकडची कॉपी चालूच. दुसरं म्हणजे क्रम. रोजच्या साफसफाईत आधी नवीन की लावायची, एक डिप्लॉय करून बघायचं, मग जुनी बंद. चोरी झाली असेल तर उलटं, आधी बंद, साईट अडकली तर अडकू दे. आम्ही साफसफाई करताना चोरीवाला क्रम वापरला, म्हणून तो फोन आला.

2021 च्या शेवटाला गिटहबच्या स्वतःच्या पाईपलाईन सेवेत, म्हणजे गिटहब अ‍ॅक्शन्समधे ओआयडीसी (ओळख पटवून आत सोडायची पद्धत) आलं, त्यात चावी साठवायचीच नाही, प्रत्येक रनला थोड्या वेळाचं टोकन मिळतं आणि आपोआप मरतं. पायपीआयनं (पायथॉनची पॅकेजं ठेवायची साईट) 2023 ला हेच घेतलं, तिथं टोकन 15 मिनिटांचं. अ‍ॅक्सेस काढायचा तर क्लाउडमधला विश्वासाचा नियम (कुठल्या पाईपलाईनला टोकन द्यायचं तो) काढायचा, पण आधीच दिलेलं टोकन मुदतीपर्यंत चालतं हे विसरू नका. मार्च 2025 ला टीजे-अ‍ॅक्शन्सची भानगड झाली, गिटहबच्या पाईपलाईनमधे जोडायचा तो एक तयार तुकडा, 23,000 च्या वर रेपो ते वापरत होत्या, सीक्रेट थेट लॉगमधे छापायला लागले. ज्यांच्या चाव्या वर्षानुवर्षं चालणाऱ्या होत्या त्यांना सगळ्या बदलत बसावं लागलं.

आमच्या टॉवेलवाल्यांकडं आता यादी केलीय. अकरा चाव्या निघाल्या. नऊंचा पत्ता लागला, उरलेल्या दोन कशाला लागतात ते पुण्यातल्या त्या पोरालाही आठवेना. गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत एक बंद करून बसणार आहोत, फोन कुणाचा येतोय बघायचं.