'अ डाइम अ डझन' लिहिण्याआधी हे वाचून घ्या

इंग्रजी कॅटलॉग, वेबसाइटचा मजकूर, नोकरीचे अर्ज आमच्याकडे तपासायला देणाऱ्या सगळ्यांसाठी हे पत्रक आहे, कारण हा एक वाक्प्रचार फार वेळा चुकीच्या जागी येतोय.

मागे हातमागाच्या साड्या करणाऱ्या एका ताईंच्या कॅटलॉगमध्ये पहिल्याच पानावर होतं, 'अवर वीव्हर्स आर अ डाइम अ डझन'. त्यांना सांगायचं होतं की आमच्याकडे विणकर भरपूर आहेत, ऑर्डर कितीही मोठी असू दे, काम अडणार नाही. पण अमेरिकन गिऱ्हाईक ते वाचून काय समजणार, तर ह्यांचे विणकर म्हणजे पैशाला पासरी! छापायच्या आधी सापडलं म्हणून बरं, नाहीतर एकेका साडीला महिना महिना मागावर बसणाऱ्या माणसांबद्दल असं छापून गेलं असतं.

डाइम म्हणजे अमेरिकेतलं दहा सेंटचं नाणं. तिथल्या चालू नाण्यांमध्ये आकाराने सगळ्यात लहान, पाच सेंटच्या नाण्याहून पण लहान, आणि त्यावर १० हा आकडाच नसतो, नुसतं 'वन डाइम' लिहिलेलं असतं. नाव लॅटिनमधल्या दहाव्या भागाच्या शब्दावरून आलंय, आपल्या 'दशम'चाच तो लांबचा भाऊ. तर अशा एका नाण्यात डझनभर मिळतात, म्हणजे ढिगाने आहेत आणि म्हणूनच किंमत नाही. आपली पासरी पाच शेरांची, ती एका पैशाला, हिशोब अगदी तोच. ब्रिटनमध्ये ह्यालाच 'टेन अ पेनी' म्हणतात.

मग वापरायचं कुठे? 'आयडियाज आर अ डाइम अ डझन', म्हणजे कल्पना काय पायलीला पन्नास मिळतात, खरं काम ती करून दाखवण्यात आहे, असं म्हणायचं असेल तिथे एकदम चपखल. फक्त 'डाइम्स' किंवा 'डझन्स' असं अनेकवचन करू नका, आणि स्वतःच्या मालाला, माणसांना तर नकोच, नोकरीच्या अर्जात सुद्धा बोलीतला म्हणून टाळलेला बरा.

भरपूर आहे हे कौतुकाने सांगायचं असेल तर 'गॅलोर' घ्या. हा आयरिश भाषेतून आलेला शब्द, नामाच्या नंतर लागतो, 'कलर्स गॅलोर', आणि ह्यात कमीपणा अजिबात नाही. ताईंच्या कॅटलॉगमध्ये रंगांसाठी आम्ही तोच घातला, विणकरांसाठी मात्र साधं सरळ 'अ लार्ज टीम ऑफ स्किल्ड वीव्हर्स'.

मजकूर पाठवताना जिथे असा वाक्प्रचार वापरलाय तिथे शेजारी तुमच्या मनातलं मराठी वाक्य पण लिहून पाठवा.