थर्मोस्टॅट वेगळा, थर्मिस्टर वेगळा: आरव्हीचा फ्रिज सगळं गोठवतो तेव्हा

दही दगड झालं, कोथिंबीर काळी पडली, अंड्यांना तडे गेले की निदान तयारच असतं: ‘थर्मोस्टॅट गेला.’ अमेरिकेत आरव्ही (राहायची सोय असलेली गाडी) घेऊन फिरणाऱ्यांत हा गोंधळ इतका पक्का बसलाय की दुकानातही लोक थर्मोस्टॅटच मागतात. मात्र डोमेटिक किंवा नॉरकोल्ड या कंपन्यांच्या, इलेक्ट्रॉनिक बोर्ड असलेल्या ॲब्सॉर्प्शन (कॉम्प्रेसरऐवजी उष्णतेवर चालणाऱ्या) फ्रिजमध्ये घरच्यासारखा थर्मोस्टॅट नसतो. तिथे असतो थर्मिस्टर.

घरचा थर्मोस्टॅट सगळ्यांना ठाऊक आहे. फिरवायचं बटण, त्याच्या मागे गॅस भरलेली बारीक नळी. नळी गार झाली की आतला संपर्क सुटतो आणि कॉम्प्रेसर बंद होतो. म्हणजे तो स्विच आहे, मुख्य वीज त्याच्यातूनच जाते.

थर्मिस्टर काहीच चालू-बंद करत नाही. तो गारव्याप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स (विजेला होणारा अडथळा) आहे: गारवा वाढला की रेझिस्टन्स वाढतो, ऊब वाढली की कमी होतो. बोर्ड तो आकडा वाचतो आणि बॉयलरखाली गॅसची ज्योत किंवा विजेचं एलिमेंट चालू ठेवायचं की नाही ते ठरवतो. होय, हा फ्रिज उष्णतेवर चालतो. अमोनिया, पाणी आणि हायड्रोजनच्या चक्राला कॉम्प्रेसर लागत नाही.

खरी गफलत मल्टिमीटर हातात घेतल्यावर होते. थर्मोस्टॅट तपासायची सवय अशी: मीटर बीपवर ठेवायचा, दोन टोकांना प्रोब लावायचे, बीप वाजला तर संपर्क जुळलेला. हीच सवय थर्मिस्टरवर चालवली की बीप वाजत नाही आणि चांगला थर्मिस्टर कचऱ्यात जातो. चांगला थर्मिस्टर बीप देत नाही, कारण त्याचा रेझिस्टन्स हजारो ओहममध्ये असतो. उलट बीप वाजला तर तो आत शॉर्ट झालाय. शॉर्ट म्हणजे बोर्डाच्या लेखी ‘आत भयंकर गरम आहे’, म्हणून बोर्ड गारवा थांबवतच नाही. म्हणून बीप विसरा, मीटर २० किलोओहमच्या रेंजवर ठेवा.

डोमेटिकची चाचणी अशी. फ्रिज बंद करा, १२० व्होल्टचा प्लग काढा, सिलिंडर बंद करा. बाहेरच्या जाळीचं झाकण उघडून खालच्या बोर्डावरचा थर्मिस्टरचा दोन पिनांचा प्लग सोडवा. ग्लासात भरपूर बर्फ आणि थोडं पाणी घ्या, ढवळा, सेन्सर (थर्मिस्टरचं फ्रिजच्या आतलं टोक) त्यात ८ ते १० मिनिटं बुडवा. प्लगच्या टोकांवर साधारण ७,००० ते १०,००० ओहम यायला हवेत. मग सेन्सर मुठीत धरा. आकडा सलग उतरला पाहिजे. बर्फात असतानाही आकडा फारच कमी असेल, तर अति गारव्याचं कारण तोच. गंजलेला प्लग मात्र रेझिस्टन्स वाढवतो, म्हणजे त्याने फ्रिज सहसा कमी गार होईल. 

त्याआधी, खरं तर सगळ्यात आधी, सेन्सर जागेवर आहे का ते बघा. फ्रिजच्या आत मागच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांपैकी एकीवर तो छोट्या प्लास्टिकच्या क्लिपने बसवलेला असतो. भांडी सरकवताना क्लिप निघते आणि सेन्सर हवेत लोंबकळतो. हवा पात्यापेक्षा उबदार, म्हणून बोर्डाला वाटतं अजून गार करायचंय. ज्या मॉडेलना तापमानाचं बटणच नाही, त्यांत हीच क्लिप म्हणजे बटण: वर सरकवली की जास्त गार, खाली सरकवली की कमी. एका वेळी एखाद-दुसरा सेंटिमीटरच सरकवा आणि बारा तास थांबा. तासाभराने पुन्हा सरकवणाऱ्याला योग्य जागा कधीच सापडत नाही.

थर्मिस्टर चांगला आणि जागेवर असूनही गोठत असेल, तर लगेच बोर्ड मागवू नका. आधी फ्रिज एक दिवस फक्त गॅसवर (१२० व्होल्टचा प्लग काढून), एक दिवस फक्त विजेवर चालवा. फक्त विजेवर गोठत असेल तर बोर्डावरचा रिले (एलिमेंटची वीज चालू-बंद करणारा स्विच) चिकटलेला असू शकतो. प्लग लावलेला असतानाही फ्रिज गॅसवर ठेवला की एलिमेंटकडे वीज जायला नको, गेली तर रिलेच दोषी. १२० व्होल्ट मोजण्याचा सराव नसेल तर हे माहितगारावर सोडा. फक्त गॅसवर गोठत असेल तर सोलेनॉइड व्हॉल्व्ह (गॅस सोडणारी-थांबवणारी विजेवरची झडप) नीट मिटत नसेल. दोन्हींवर गोठत असेल तर पुन्हा थर्मिस्टर आणि त्याची जागा बघा, त्यानंतरच बोर्डाकडे वळा. मागच्या बाजूला पिवळी भुकटी दिसली किंवा अमोनियाचा वास आला तर मात्र तपासणी तिथेच थांबवा: चक्र गळतंय, ते आपलं काम नाही.

जुन्या, हाताने काडी लावायच्या मॉडेलमध्ये खरोखरच नळीचा थर्मोस्टॅट असतो. त्यांपैकी अनेकांत १२ व्होल्टवर तो कामच करत नाही, एलिमेंट सतत तापत राहतं. गार प्रदेशात दिवसभर गाडी चालवून भाजी गोठली तर ती बिघाडाची खूण नाही. येलोस्टोन राष्ट्रीय उद्यानासारख्या उंचावर तर उन्हाळ्यातही रात्री पारा शून्याजवळ जातो. तिथे सेटिंग आधीच एक पायरी खाली ठेवलेलं बरं.

फ्रीजरवरून निष्कर्ष काढू नका. बहुतेक मॉडेलमध्ये त्याला वेगळं नियंत्रण नसतं, बोर्ड फक्त खालच्या कप्प्याचं ऐकतो. तापमान मोजायचं ते मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात रात्रभर थर्मामीटर ठेवून. १ ते ४ अंश सेल्सिअस आलं तर क्लिपला हात लावू नका. दही फक्त पात्यांपासून चार बोटं पुढे सरकवा.