तारा लावण्याआधीची मापं

भाचीच्या दातांना तारा लावायच्या म्हणून दादरच्या एका दवाखान्यात गेलो, तर पहिल्या दिवशी तारेचं नावही निघालं नाही. ट्रेमध्ये गुलाबी लगदा भरून तोंडात दाबला, पोरीला उमासे आले. मग फोटो, ओपीजी (सगळ्या दातांचा एकत्र एक्स-रे) आणि चेहऱ्याचा बाजूने एक्स-रे. ताईने हळूच विचारलं, "एवढं सगळं कशाला रे?" प्रश्न रास्त होता.

एडवर्ड अँगल या अमेरिकन दंतवैद्यांनी १८९९ मध्ये वाकड्या दातांचे तीन वर्ग पाडले, ते वरची-खालची पहिली मोठी दाढ एकमेकींवर कशी बसते यावरून. त्याला दातांच्या ठशावरून केलेला प्लास्टरचा साचा पुरत होता. पण साच्यात जबडा कवटीच्या मानाने पुढे आहे की मागे, हे दिसत नाही. क्ष-किरण १८९५ मध्येच सापडले होते. अडचण अशी, की डोकं दर वेळी त्याच जागी ठेवता येत नसे, मग आधीचा आणि नंतरचा एक्स-रे ताडून कसा पाहणार? १९३१ मध्ये अमेरिकेत ब्रॉडबेंट आणि जर्मनीत हॉफरथ यांनी डोकं स्थिर धरणारी सोय केली. भाचीच्या कानांत घातलेल्या त्या दोन दांड्या त्याच घराण्यातल्या.

या नोंदींचं खरं मोल चार्ल्स ट्वीड यांच्या बाबतीत दिसतं. जागा करण्यासाठी दात काढायचे नाहीत, ही त्यांचे गुरू अँगल यांची ठाम शिकवण. ट्वीड यांनी ती पाळली, आणि आपल्याच रुग्णांचे दात पुन्हा सरकलेले पाहिले. त्यांनी त्या रुग्णांवर दात काढून नव्याने उपचार केले आणि १९४० मध्ये अशा १०० जणांच्या दोन्ही वेळच्या नोंदी सहकाऱ्यांपुढे ठेवल्या. जुने साचे जपले नसते, तर हे कशाच्या जोरावर दाखवलं असतं?

पुढे डाउन्स, स्टाइनर या दंतवैद्यांनी एक्स-रेवर जबड्यांचे आणि दातांचे कोन मोजून सरासऱ्या दिल्या. त्या गोऱ्या अमेरिकन चेहऱ्यांवरून निघाल्या. आपल्याकडे दात किंचित पुढे असणं स्वाभाविक. नुसत्या कोनावर भरवसा ठेवला तर विनाकारण दात काढले जातील. म्हणून समोरचा, बाजूचा, हसतानाचा फोटो लागतोच.

आता स्कॅनर आल्याने लगद्याचा त्रास टळू लागलाय. भाचीचे साचे मात्र प्लास्टरचेच. डॉक्टरांनी खोक्यावर पेन्सिलीने नाव आणि तारीख लिहिली. तारा निघतील तेव्हाचे साचे याच खोक्यात, यांच्या शेजारी ठेवणार आहेत.